परवाना नसलेला जिल्हा

भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर एक नवरा बायकोला बडवत होता. शिव्या, आरडाओरडा, बाईचा आक्रोश, आणि शेवटी त्याने उचललेला मोठा धोंडा : आता हिचं डोकंच फोडतो! ठाण्यातले शिपाई धावत बाहेर आले, मध्ये पडले, नवऱ्याला दटावू लागले. तेवढ्या वेळात ठाण्यातली हत्यारे नाहीशी झाली. नवरा खोटा होता, भांडण खोटे होते. मार मात्र पुष्कळसा खरा होता, अशी तक्रार त्या बाईंनी सत्तर-पंचाहत्तर वर्षांनंतरही केली. त्या बाई म्हणजे साताऱ्याच्या प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील यांची कन्या हौसाताई. साल १९४३. पत्रकार पी. साईनाथ यांना त्यांनी म्हातारपणी हा प्रसंग हसत हसत सांगितला, म्हणून तो आपल्यापर्यंत आला.

जुन्या शस्त्रांच्या शौकिनाला हे सांगितले की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हत्यारे कुठल्या बनावटीची होती? प्रश्न गैर नाही. वेब्ली, कोल्ट, अ‍ॅडम्स ही नावे काही माणसे रागदारीतल्या घराण्यांसारखी उच्चारतात आणि त्या ओढीत खोट नसते. पण सातारा-सांगलीच्या मातीत तो प्रश्न दुसरा येतो. पहिला असा, की दोन-चार बंदुकांसाठी एका बाईला भर रस्त्यात मार का खावा लागला?

उत्तरासाठी जवळजवळ शंभर वर्षे मागे जावे लागते, आणि तेही आधी लंडनला.

१८५१ साली लंडनच्या हाइड पार्कात, काचेच्या प्रचंड महालात, जगभरच्या वस्तूंचे प्रदर्शन भरले. तिथे अमेरिकेच्या सॅम्युअल कोल्टने आणि लंडनच्याच रॉबर्ट अ‍ॅडम्सने आपापली फिरत्या चक्राची पिस्तुले मांडली. तोवरच्या पिस्तुलात दर बाराला दारू घालायची, गोळी सोडायची, गजाने ठासायची आणि मग चाप ओढायचा. बार फुकट गेला की हातात उरे ते लाकूड आणि लोखंड. म्हणून तर घोडेस्वार पिस्तुलांची जोडी बाळगत. नव्या यंत्रात नळीच्या मागे पाच-सहा घरांचे चक्र होते. प्रत्येक बाराला चक्र एक घर पुढे सरके आणि नवी गोळी नळीसमोर येई. आपल्याकडे त्याला पुढे ‘सहाबारी’ हे नेमके नाव पडले. एका माणसाच्या मुठीत सहा माणसांचा धाक मावू लागला, तो या चक्रामुळे.

त्याच वर्षी त्याच शहरात साताऱ्याचे रंगो बापूजी गुप्ते मुक्काम ठोकून होते. पदच्युत केलेल्या प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला ते विलायतेला गेले. महाराज १८४७ साली काशीला वारले, १८४८ मध्ये डलहौसीने दत्तक नामंजूर करून साताऱ्याचे राज्यच खालसा केले, तरी रंगो बापूजींचे अर्ज थांबले नाहीत. सुमारे चौदा वर्षे ते कंपनीच्या दारात आणि पार्लमेंटच्या पायऱ्यांवर कागद घेऊन उभे राहिले. सहाबारी पिस्तूल आणि साताऱ्याचा अर्ज यांचा त्या काळी एकच पत्ता होता.

परतल्यावर त्यांनी अर्जांचा नाद सोडला. १८५७ च्या उन्हाळ्यात साताऱ्यात उठावाची जुळवाजुळव झाली, पण ती फुटली. रंगो बापूजी निसटले ते कायमचे. त्यांचा मुलगा सीताराम सापडला. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड झाला. पाच जणांना फाशी दिली, सहा जणांना गोळ्या घातल्या, सहा जणांना तोफेच्या तोंडी दिले. शिक्षेचे हे तीन प्रकार पाहिले तरी सरकारला लोकांना काय दाखवायचे होते ते कळते.

बंडाचा धूर विरायच्या आत सरकारने कायद्याने शस्त्रे काढून घ्यायला सुरुवात केली. १८५७ चा कायदा, मग १८६० चा, आणि या सगळ्यांवर कळस म्हणजे लॉर्ड लिटनच्या काळातला १८७८ चा हत्यारांचा कायदा. परवान्याशिवाय बंदूक बाळगणे हा गुन्हा झाला. परवाना देणार कलेक्टर, आणि युरोपियनांना या कटकटीतून सूट. कातडीच्या रंगावर बेतलेली ही सूट १९२० च्या नियमांपर्यंत टिकली. रानडुकरांनी ऊस-भुईमूग उकरला तरी शेतकऱ्याने गोफण फिरवायची आणि कालच आलेल्या चहामळेवाल्या साहेबाने कमरेला पिस्तूल लावून हिंडायचे, असा तो न्याय होता. ही बोच किती खोल होती ते एका गोष्टीवरून दिसते. मिठाच्या सत्याग्रहाआधी, १९३० मध्ये, गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवान्यांची मागणी होती. होय, गांधीजींनी. पुढच्या वर्षी कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावातही शस्त्र बाळगण्याचा हक्क आला.

कायद्याइतकीच चलाख गोष्ट होती ती शस्त्रांच्या उतरंडीची. १८५७ नंतर देशी पलटणींना मुद्दाम हलकी हत्यारे देण्याचे धोरण आले. नळीच्या आतले आटे काढून टाकले की बंदुकीचा पल्ला आणि नेम दोन्ही खाली येतात. एन्फिल्ड बंदुका तशा गुळगुळीत करून देशी शिपायांना दिल्या गेल्या. विसाव्या शतकात हाच हिशेब पोलिसांना लागला. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात लष्करी ली-एन्फिल्ड रायफली बदलून पॉइंट चारशे दहा बोअरच्या एकबारी मस्केट तयार झाल्या आणि पोलिसांच्या, तुरुंगाच्या पहारेकऱ्यांच्या खांद्यावर गेल्या. दिसायला रायफल, पण लष्कराचे काडतूस तिला चालत नसे, आणि गोळी एका वेळी एकच. शिपायाच्या हातून हत्यार हिसकावले गेलेच, तर हिसकावणाऱ्याच्या पदरी फार काही पडू नये ही दूरदृष्टी त्यात होती. आपल्याच पोलिसावर किती विश्वास ठेवायचा हे सरकारने बोअरच्या मापाने ठरवले होते.

खरे हत्यार होते अधिकाऱ्याच्या कमरेला. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचे रिव्हॉल्व्हर ब्रिटिश लष्कराने १८८७ मध्ये स्वीकारले आणि मग एकामागून एक सुधारलेले नमुने येत राहिले. १९१५ चा सहावा नमुना सर्वांत प्रसिद्ध. सहा इंची नळी, पॉइंट चारशे पंचावन्नची जाडजूड गोळी, वजन किलोहून अधिक. शौकीन याच्यावर का भाळतात ते हाताळल्यावर कळते, असे ते सांगतात. डाव्या बाजूची कळ अंगठ्याने दाबली की पिस्तूल मधोमध मोडते, म्हणजे नळी आणि चक्र खाली झुकते आणि त्याच हालचालीत मधली चांदणी वर उठून सहाही रिकामी काडतुसे बाहेर फेकते. अंधारात, घोड्यावर, घाईत भरता यावे अशी ही रचना. दस्त्याच्या बुडाशी एक छोटी कडी असते. हौशी माणूस तिला शोभेची समजतो. तिच्यात दोरी ओवून ती गळ्यात किंवा खांद्यावर अडकवायची, म्हणजे झटापटीत पिस्तूल पडले किंवा कुणी हिसकावले तरी जात नाही. साहेबाच्या मनातली भीती त्या कडीएवढी दुसऱ्या कशातच इतकी स्पष्ट दिसत नाही.

महाराष्ट्रात या कडेकोट बंदोबस्ताला भगदाडे पडली ती आधी दुसरीकडे. २२ जून १८९७ ला पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडला गाठले. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. ते ब्राउनिंग पिस्तूल सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीनबरोबर पेटीच्या चोरकप्प्यातून पाठवलेल्या विसांपैकी होते. पण हे सारे व्यक्तींचे पराक्रम होते. एक नेम, एक लक्ष्य, आणि मग फास. एका जिल्ह्याने सरकारविरुद्ध सरकार, म्हणजे प्रतिसरकार, उभारायचे आणि त्यासाठी हत्यारे जमवायची, ही गोष्ट वेगळी. ती साताऱ्यात घडली.

तेव्हाचा सातारा जिल्हा म्हणजे आजचा सातारा आणि सांगलीचा मोठा भाग. तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा हे तालुके त्यात होते. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि त्याचे नाव सांगली पडले ते १९६० मध्ये. शिवाय या मुलखात सांगली, मिरज, औंध, जत, फलटण अशा संस्थानांचे तुकडे गोधडीच्या ठिगळांसारखे विखुरलेले होते. कुंडल इंग्रजी मुलखाने वेढलेले, पण औंध संस्थानातले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्येच प्रजेला राज्यघटना देऊन टाकली होती. पुढे भूमिगत झालेल्या कार्यकर्त्यांना ही हद्दीची गुंतागुंत म्हणजे आयती तटबंदी होती. एका शेतातून दुसऱ्या शेतात गेले की पाठलाग करणाऱ्या फौजदाराचा अंमल संपला.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘छोडो भारत’ची हाक आली तेव्हा साताऱ्याने बंदुकीचे नाव काढले नाही. लोक मोर्चे घेऊन निघाले. २४ ऑगस्टला कराड, ३ सप्टेंबरला तासगाव. तासगावात हजारोंच्या जमावाने कचेरीवर तिरंगा लावला आणि मामलेदाराच्या डोक्यावर गांधी टोपी चढवली. कुणाला ओरखडाही आला नाही. मग ९ सप्टेंबरला वडूज. परशुराम घार्गे यांच्या पुढाकाराने मोर्चा कचेरीकडे आला आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. घार्ग्यांसह नऊ जण गेले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात गोळीबार झाला. तिथे किर्लोस्करवाडीचे तरुण इंजिनिअर उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे पडले. दोन दिवसांत अकरा प्रेते.

माझ्या मते साताऱ्याच्या लढ्याची दिशा या दोन दिवसांत बदलली. निःशस्त्र मोर्च्याला गोळीने उत्तर मिळते हे दिसल्यावर तरुण पोरे घरी परतली नाहीत, उसात शिरली. तारा तुटू लागल्या, चावड्यांतली दप्तरे जळू लागली, डाकबंगले पेटले. पण हातांत काय होते? कोयते, काठ्या, कुऱ्हाडी.

७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगार घेऊन जाणारी आगगाडी अडवली ती याच सामग्रीवर. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि कॅप्टन भाऊ म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड ही त्यातली ठळक नावे. तिघेही तेव्हा विशीतले. रुळांवर मोठमोठे दगड रचले, आणि गाडीला मागे पळता येऊ नये म्हणून शेवटच्या डब्यामागेही रचले. कॅप्टन भाऊंनी सांगितल्याप्रमाणे त्यांच्याकडे बंदूक एकही नव्हती. कोयते, काठ्या आणि दोन-तीन गावठी बॉम्ब एवढेच. गाडीत बंदूकवाला पहारेकरी होता, पण तो इतका घाबरला की त्याला आवरायला वेळ लागला नाही. याला ‘लूट’ म्हटलेले कॅप्टन भाऊंना शेवटपर्यंत खपले नाही. इंग्रजांनी लोकांकडून नेलेले पैसे आम्ही माघारी आणले, असे त्यांचे म्हणणे.

पुढच्याच महिन्यात, २४ जुलैला, सांगलीत उलटे घडले. गणेशदुर्गातल्या तुरुंगात वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार कैद होते. त्यांनी पहारेकऱ्यांच्याच बंदुका हिसकावल्या, तटावरून उड्या टाकल्या आणि कृष्णेच्या रोखाने धाव घेतली. आषाढातली नदी दुथडी. मागून गोळ्या येत होत्या. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव जिवाला मुकले; वसंतदादांना गोळी लागून ते पुन्हा पकडले गेले. हत्यार हिसकावणे आणि ते वापरून सुटणे यांत किती अंतर असते, ते त्या दिवशी सांगलीने पाहिले. जखमी कैदी पुढे महाराष्ट्राचा मुख्यमंत्री झाला.

मग हत्यारे आणायची कुठून? एक वाट ठाण्यांतून होती, भवानीनगरसारखी. दुसरी गोव्याकडे जाई. तिथे पोर्तुगीज अंमल. इंग्रजांचा हत्यारांचा कायदा सीमेवर संपत असे आणि पैसे टाकले तर पिस्तूल मिळे. धोका होता तो घेऊन परतताना. १९४४ मध्ये बाळ जोशी नावाचा कार्यकर्ता हत्यारांच्या कामात पोर्तुगीज पोलिसांच्या हाती लागला. त्याच्यापर्यंत निरोप पोचवायला हौसाताई गेल्या, लहान मूल घरी ठेवून. बहीण म्हणून तुरुंगात त्याला भेटल्या. परतताना पोलीस मागावर, त्यामुळे तर बंद. मांडवी नदी त्यांनी रात्री एका लाकडी पेटीच्या आधाराने ओलांडली आणि पुढची वाट जंगलातून तुडवली. शौकीन मंडळी एखाद्या पिस्तुलाच्या प्रवासाविषयी बोलतात, कुठल्या कारखान्यातून निघाले, कुठल्या जहाजाने आले. साताऱ्याकडच्या पिस्तुलांच्या प्रवासात मांडवीचे काळे पाणीही धरायला हवे.

पैशाचा प्रश्न धुळ्याकडे सुटला. १४ एप्रिल १९४४ रोजी चिमठाण्याजवळ सरकारी खजिना नेणारी मोटार अडवून, सशस्त्र पोलिसांच्या पहाऱ्यातले सुमारे साडेपाच लाख रुपये सातारच्या मंडळींनी खानदेशातल्या साथीदारांच्या मदतीने नेले. कोयत्यांवर शेणोली जमली होती. चिमठाण्याला तेवढ्यावर भागण्यासारखे नव्हते. दहा महिन्यांत चळवळ कुठून कुठे आली त्याचे हे माप.

त्याच वर्षी जुलैत नागनाथअण्णा पकडले गेले आणि १० सप्टेंबरला साताऱ्याच्या तुरुंगाची भिंत ओलांडून बाहेर पडले, तेही हत्याराशिवाय. १९४५ नंतर आझाद हिंद सेनेतून सुटलेले दोन पंजाबी जवान, नानकसिंग आणि मनसासिंग, या भागात शिकवायला आले. ‘तुफान सेने’च्या, म्हणजे प्रतिसरकारच्या लढाऊ दलाच्या, पोरांना पहिल्यांदाच लष्करी शिस्तीत बंदूक धरायला मिळाली. लाठी फिरवणे आणि रायफलीचा दस्ता खांद्याला भिडवून श्वास रोखणे या वेगळ्या विद्या. २५ फेब्रुवारी १९४६ ला शिराळ्याच्या डोंगराळ भागात मणदूरजवळ पोलिसांशी गाठ पडली. त्यात नानकसिंग आणि वाळव्याचा किसन अहिर मारले गेले. मुंबईत नाविकांचे बंड नुकतेच शमले होते, इंग्रज जाणार हे दिसत होते, आणि वारणेच्या खोऱ्यात दोन तरुण शेवटची किंमत मोजत होते. वाळव्याच्या साखर कारखान्याला किसन अहिरांचे नाव आहे. पंजाबातून येऊन इथे पडलेल्या नानकसिंगाचे नाव मात्र फारसे कुणी घेत नाही, हे मला खटकते.

एवढे होऊनही प्रतिसरकार चालले ते बंदुकीवर नाही. लोकांनी त्याला दिलेले टोपणनावच पाहा : पत्री सरकार. बैलाच्या खुराला पत्री ठोकतात, तसे गावगुंडाच्या, सावकाराच्या, खबऱ्याच्या तळपायांवर फटके. दहशतीचे चिन्ह म्हणून लोकांना पिस्तूल आठवले नाही, नालबंदाचे काम आठवले. न्यायदान मंडळे, दारूबंदी, बिनखर्चाचे गांधी विवाह, नाना पाटलांची गावरान बोलीतली सभा, आणि भाकरी बांधून देणारी पण तोंड न उघडणारी गावे हा त्याचा खरा दारूगोळा. पत्रीची शिक्षा क्रूर होती, आणि तिच्या आडून काही ठिकाणी जुनी भावकीची वैरे उगवली गेली, हेही नाकारू नये. हातात हत्यार आलेले सगळेच साधू नव्हते. दरोडेखोरांनी प्रतिसरकारचे नाव वापरले आणि प्रतिसरकारला आपली बरीच ताकद त्या दरोडेखोरांचा बंदोबस्त करण्यात घालवावी लागली. मुठीतल्या हत्याराचा मोह फक्त इंग्रजाला होता असे थोडेच.

१९४६ मध्ये मुंबईत बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले, वॉरंटे मागे घेतली गेली, नाना पाटील चार वर्षांनी उजेडात आले. आता खरा पेच संग्राहकाचा. ती हत्यारे गेली कुठे?

काही पुढच्या लढाईत गेली. हैदराबादच्या निजामाविरुद्ध आणि रझाकारांविरुद्ध झालेल्या लढ्याला नागनाथअण्णा, जी. डी. बापू यांनी मदत केली, आणि शस्त्रे असलेल्या माणसांची मदत शस्त्रांशिवाय नसते. उरलेल्यांचे काय व्हायचे हे बेकायदा हत्यारांच्या स्वभावातच असते. परवाना नाही, नोंद नाही, नंबर असला तर मुद्दाम घासलेला. अशी वस्तू माळ्यावर ठेवता येत नाही, वारसाच्या नावावर करता येत नाही, दिवाणखान्यात तर टांगता येतच नाही. ती विहिरीत जाते, नदीत जाते, नाहीतर लोहाराच्या भात्यापुढे.

आणखी एक पिस्तूल या कथेत येते, पण ते साताऱ्यात कधी आलेच नव्हते. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत गांधीजींवर झाडले गेलेले इटालियन बेरेटा, क्रमांक ६०६८२४. ते रिव्हॉल्व्हर नव्हे, आपोआप भरणारे पिस्तूल. गोळ्या दिल्लीत झाडल्या आणि मारेकरी ब्राह्मण म्हणून आठवडाभर सातारा, सांगली, मिरज, कोल्हापूरकडची ब्राह्मणांची घरे जळाली. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘वावटळ’मध्ये या जाळपोळीला शब्द दिले. त्या वाड्यांबरोबर दप्तरे, बखरींच्या नकला, कुलवृत्तान्त, पिढीजात तलवारी आणि ठासणीच्या बंदुका किती गेल्या याची मोजदाद करायला तेव्हा कुणाला सवड नव्हती. निजामी फौजा किंवा इंग्रज यांनी केली नाही एवढी या भागाच्या घरगुती संग्रहांची हानी आपल्याच लोकांनी त्या आठवड्यात केली, असे माझे मत आहे.

स्वतंत्र भारताने १८७८ चा कायदा मोडीत काढून १९५९ चा नवा केला. आता वंशाची सूट नाही. परवाना मात्र आहेच. १९८३ पासून एका परवानाधारकाला जास्तीत जास्त तीन हत्यारे ठेवता येत. २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आली आणि तिसरे असलेल्यांना ते जमा करावे लागले. जुन्या शस्त्रांच्या शौकिनांसाठी कायद्यात एक चिंचोळी खिडकी आहे. जे हत्यार कालबाह्य किंवा पुराणवस्तू म्हणून मोलाचे आहे आणि दुरुस्त करूनही ज्यातून बार निघू शकत नाही, त्याला कायदा लागू होत नाही. दोन्ही अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. आजोबांचे वेब्ली जुने असले, तरी त्यातून गोळी सुटू शकत असेल तर ते या खिडकीत बसत नाही. परवानाधारक वारला तर वारसाने ते ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे आणि मग आपला अर्ज करायचा. म्हणूनच इथला शौक अमेरिकेतल्यासारखा भिंत भरणारा होऊ शकत नाही. तो बहुधा संग्रहालयाच्या काचेपाशी उभा राहून पुरवावा लागतो. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात, कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात जुनी शस्त्रे पाहायला मिळतात.

काचेपाशी उभे राहिल्यावर काय पाहावे? शौकीन आधी नंबर पाहतो. देहावर, चक्रावर आणि नळीवर एकच क्रमांक असेल तर हत्यार मूळचे. नाहीतर दोन-तीन तुटक्यांतून जुळवलेले. मग बर्मिंगहॅमच्या चाचणीचा मुकुटाचा ठसा. मग सरकारी मालकीचा बाण. त्याच्याजवळ इंग्रजी ‘आय’ असेल तर ते हिंदुस्थान सरकारच्या लष्कराचे. निळसर झळाळी मूळची की पुन्हा चढवलेली, हे कडा सांगतात. वर्षानुवर्षे चामड्याच्या म्यानात आत-बाहेर झालेल्या पिस्तुलाच्या नळीचे तोंड पांढरे पडलेले असते. हे सारे शिकण्यासारखे आहे. पण याने कळते ते हत्याराचे जन्मस्थान. त्याने आयुष्यात काय केले, हे लोखंडावर लिहिलेले नसते.

२०२४ च्या जुलैत साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लंडनहून वाघनखे आली तेव्हा रांगा लागल्या. ती साताऱ्याचा पहिला रेसिडेंट ग्रँट डफ याच्या घराण्याकडून व्हिक्टोरिया अ‍ॅण्ड अल्बर्ट संग्रहालयाला मिळाली. अफझलखानावर चालली ती हीच, हे सिद्ध करता येत नाही असे ते संग्रहालय स्वतःच सांगते. तरी लोक गेले, कारण वस्तूबरोबर पेटी होती आणि पेटीवर तिची कथा लिहिलेली होती. डफने साताऱ्यातून जाताना लोखंडाबरोबर कागद नेला. प्रतिसरकारच्या पोरांना कागद ठेवणे म्हणजे फासाला पुरावा देणे होते.

तेव्हा एक विनंती. सातारा-सांगलीकडच्या कुठल्या जुन्या घरात, पेटाऱ्याच्या तळाशी, असे एखादे हत्यार निघाले तर ते घासूनपुसून चकचकीत करू नका. गंजाखाली ठसा असतो, आणि घासलेल्या नंबरालाही बोलते करता येते. चाप ओढून पाहू नका, ऐंशी वर्षांचे काडतूस आत असू शकते. आधी पोलीस ठाण्यात रीतसर कळवा. आणि त्याच दिवशी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसून, ते कुणी आणले, कधी आणले, कशाला आणले, हे वहीत उतरवून घ्या. हत्यार ठाण्यात जमा झाले तरी वही तुमच्याकडे राहील.

घाई करा. जी. डी. बापू २०११ मध्ये गेले, नागनाथअण्णा २०१२ मध्ये. हौसाताई २३ सप्टेंबर २०२१ ला गेल्या आणि कॅप्टन भाऊ साडेचार महिन्यांनी, ५ फेब्रुवारी २०२२ ला.